मातृत्वापलीकडची स्त्री : जंजिऱ्याच्या बेगम आणि पायराबंदच्या रुकैया

आपल्याकडे लग्नघरात नव्या नवरीला वडीलधाऱ्या बायका जी दुवा देतात ती बहुधा एकच असते. वर्ष उलटले की त्या दुवेचा सवाल होतो : "काही खबर?" दोन वर्षांनी हा सवाल कुजबुजीत जातो आणि पाचव्या वर्षी कोणीतरी मुलाच्या आईकडे दुसऱ्या स्थळाची गोष्ट काढते. ज्या मुलीबद्दल हे सारे बोलणे चाललेले असते तिला मात्र कोणी काही विचारीत नाही. ती बी. ए. झालेली असो, डी. एड. करून शाळेत शिकवीत असो, घरातील दोन दीर तिच्या पगारावर शिकत असोत. हिशेब एकाच रकान्यात मांडला जातो. कूस उजवली की नाही?

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संस्थेच्या मंडळींनी सुचविले, तेव्हा 'स्त्रीची समता' हा विषय मनात आला आणि थोडा संकोचही वाटला. या विषयावर आपल्या जलशांतून पुष्कळ भाषणे होतात. 'आईच्या पायाखाली जन्नत आहे' या वचनाने ती सुरू होतात आणि त्याच वचनाने संपतात. वचन खरे आहे, मोलाचे आहे. पण ज्या स्त्रीला मूल झाले नाही, झालेले राहिले नाही, किंवा जिला संसारापेक्षा दुसरे काही अधिक महत्त्वाचे वाटले, तिचे काय, हा प्रश्न त्या भाषणांत येत नाही. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने उपदेश करण्यापेक्षा दाखले द्यावेत हे बरे. म्हणून येथे दोन स्त्रियांची हकीकत सांगतो. एक आपल्या कोकणातल्या राजवाड्यातली, दुसरी दूर बंगालमधली.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हजरत आयेशा (र.) यांना मूलबाळ नव्हते. अरबांच्या रीतीप्रमाणे थोरल्या मुलाच्या नावावरून आईला हाक मारीत. आयेशांना तशी हाक कशी मारावी? तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्यांच्या बहिणीच्या मुलाच्या, अब्दुल्ला बिन जुबेर यांच्या नावावरून त्यांना 'उम्मे अब्दुल्ला' म्हणवून घेण्यास सांगितले. आणि साऱ्या उम्मतीने त्यांना 'उम्मुल मोमिनीन', म्हणजे श्रद्धावंतांची माता, म्हटले. त्यांच्याकडून आलेल्या हदीसांची संख्या परंपरेने 2210 सांगितली जाते. मोठमोठे सहाबी त्यांच्याकडे मसले विचारण्यास येत. त्यांच्या थोरवीत मूल नसल्याने काही उणे पडल्याचे कोणा इतिहासकाराने लिहिलेले नाही. कुरआनातील सूरह शूरामध्ये तर स्पष्टच आहे की, कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही, आणि कोणाला काहीच नाही, ही देणाऱ्याची मर्जी आहे. तेथे मुलींचा उल्लेख मुलग्यांच्या आधी आला आहे, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. जी गोष्ट अल्लाहने आपल्या मर्जीत ठेवली तिचा जाब आपण सुनेला विचारतो.

आता जंजिऱ्याकडे वळू.

मुरुड-जंजिरा म्हटले की आपल्याला पाण्यातला किल्ला आठवतो, कलालबांगडी तोफ आठवते. शाळांच्या सहली जातात, मुले होडीतून किल्ल्यावर उतरतात, बुरूज मोजतात. मुरुडला जाताना रस्त्यालगत नवाबांचा राजवाडाही दिसतो. पण त्या राजवाड्यात एके काळी जी बेगम नांदली, तिचे नाव क्वचितच कोणी घेते.

नाझली बेगम यांचा जन्म 1874 साली इस्तंबूल येथे झाला. वडील हसनअली फैजी हे व्यापारी, त्यांचा व्यापार तुर्कस्थानशी होता. आई मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी कुळातील. हे सुलेमानी बोहरा घराणे त्या काळी शिक्षणात फार पुढे होते. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी ज्या साली आपल्या सहकाऱ्यांसह अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली ते सालही 1874 च. या कुळात रोजनिशीच्या वह्या असत आणि त्यांत घरातील पुरुषांप्रमाणे बायकामुलींनीही लिहावे असा रिवाज होता. मुलीच्या हाती लेखणी द्यावी की नाही यावर इतरत्र वाद चालू असताना या घरात मुली वहीत घरच्या बातम्या लिहीत होत्या.

झेहरा, नाझली आणि अतिया या तीन फैजी भगिनी पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या उर्दू वाचकांना माहीत झाल्या. नाझलींचा निकाह मात्र फार लवकर, 1886 साली, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी झाला. नवरा म्हणजे जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान. त्यांचा जन्म 1862 चा, म्हणजे ते चोविशीतले होते. एवढ्या पुढारलेल्या घरानेही मुलीला बाराव्या वर्षी उजवले, ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सुधारणा एकदम येत नाहीत. घराच्या एका खोलीत त्या येतात आणि दुसऱ्या खोलीत जुनेच चालू असते.

बेगम झाल्यावरही नाझलींचे वाचन-लेखन थांबले नाही. धाकटी बहीण अतिया 1906 साली सरकारी शिष्यवृत्तीवर अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली. एका अविवाहित मुसलमान मुलीने त्या काळात विलायतेला शिकण्यास जाणे ही लहान गोष्ट नव्हती. तेथून तिने लिहिलेली रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून आली. हे साप्ताहिक मौलवी सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी 1898 मध्ये सुरू केले होते आणि मुहम्मदी बेगम स्वतः त्याच्या संपादिका होत्या. त्याच वर्षी मुमताज अलींनी 'हुकूक-ए-निस्वां' हे पुस्तक लिहून पुरुषाला स्त्रीपेक्षा श्रेष्ठ मानणाऱ्या एकेका युक्तिवादाचा समाचार घेतला. हे गृहस्थ देवबंदला शिकलेले होते, हे विशेष!

1908 साली नवाब आणि बेगम यांनी युरोपचा व तुर्कस्थानचा प्रवास केला. अतियाही बरोबर होती. नाझली बेगमांनी या प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. 'सैर-ए-यूरप' या नावाने ते पुस्तकरूपाने निघाले. आपल्या कोकणातील एका संस्थानाच्या बेगमेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेले हे प्रवासवर्णन आहे. मराठीत अशा पुस्तकाचा परिचय झाला पाहिजे, पण ते काम येथे होण्यासारखे नाही.

हे सारे असूनही राजवाड्यात एक गोष्ट नव्हती. पाळणा हलला नव्हता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा संसार झाला, तरी गादीला वारस नव्हता. संस्थानी कारभारात वारसाचा प्रश्न किती मोठा असतो हे आपण जाणतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हा त्या बाईच्या सबंध आयुष्याचा प्रश्न होता. ती वाचते काय, लिहिते काय, तिने जग पाहिले काय, याला तेथे काही किंमत उरली नाही. नवाबांनी मुलासाठी दुसरा निकाह करण्याचे ठरविले. नाझलींना सवत मान्य झाली नाही. 1913 मध्ये हा संसार मोडला आणि त्या जंजिरा सोडून बाहेर पडल्या. तेव्हा त्यांचे वय एकोणचाळीस होते.

येथे नवाबांना खलनायक करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी मुरुडला पाणी आणले, प्रजेत त्यांचे नाव चांगले होते. त्यांनी केले ते त्या काळच्या कोणत्याही राजाने केले असते, आणि आजही किती घरांत अगदी तेच होते! कायद्याने दुसरा निकाह करण्याची त्यांना मुभा होती. प्रश्न मुभेचा नाहीच. प्रश्न असा की, एका बाजूला गादी आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस वर्षांची सोबत, असे तराजू धरल्यावर पारडे कोणीकडे झुकावे हे आधीच ठरलेले होते. नाझली बेगमांना सवत पत्करून राजवाड्यात राहता आले असते. मान, नोकरचाकर, किताब, सगळे राहिले असते. त्यांनी तो मार्ग नाकारला. निवड म्हणतात ती ही. ती स्वस्त नव्हती.

पुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. नवाबांच्या दुसऱ्या बेगम कुलसुम यांना 1914 साली मुलगा झाला, सिद्दी मुहंमदखान. 1922 साली नवाब वारले तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता. मग राज्याचा कारभार कोणी पाहिला? कुलसुम बेगमांनी! मुलगा वयात येऊन 1933 मध्ये त्याच्या हाती कारभार जाईपर्यंत, म्हणजे सुमारे अकरा वर्षे, त्या संस्थानाच्या रीजंट होत्या. स्त्रीला राज्य चालविता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण त्याचबरोबर हेही पाहावे की एकाच राजवाड्यातील दोन बायकांपैकी एक मूल नाही म्हणून बाहेर गेली आणि दुसरी मूल आहे म्हणून गादीच्या शेजारी बसली. दोघींची योग्यता कोणी तपासली नाही. दोघींनाही एकाच मापाने मोजण्यात आले, फक्त निकाल उलटे लागले. कुलसुम बेगमांवर यात काही अन्याय झाला नाही असे वाटेल. पण ज्या मानाचा पाया केवळ मुलगा होण्यावर आहे, तो मुलगा न होता मुलगी झाली असती तर?

नाझली मुंबईला अतियाजवळ राहिल्या. अतियाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिने 1912 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, स्वतःच्या पसंतीने लग्न केले. नवरा पुण्याच्या बेने इस्रायली समाजात जन्मलेला चित्रकार सॅम्युअल रहमीन. त्याने इस्लाम स्वीकारला आणि स्वतःच्या नावात बायकोच्या घराण्याचे नाव जोडून 'फैजी-रहमीन' असे लावले. बायकोने नवऱ्याचे नाव लावावे हीच रीत मानणाऱ्यांना हा उलटा प्रकार पाहून आजही हसू येईल. पण त्याची चित्रे लंडनच्या टेट गॅलरीत गेली तेव्हा याच नावाने गेली. फाळणीनंतर तिघेही कराचीला गेले. तेथे अतिया 1967 मध्ये आणि नाझली 1968 मध्ये वारल्या. राजवाडा सोडल्यावर नाझली पंचावन्न वर्षे जगल्या. जंजिऱ्यातल्या संसारापेक्षा दुपटीहून अधिक.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहू. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले आणि 1978 पासून ते अठरा झाले. नाझलींसारखा बाराव्या वर्षीचा निकाह आता गुन्हा आहे. याहून आपल्याशी जवळचा कायदा म्हणजे 1939 चा मुस्लिम विवाह-विच्छेद कायदा. त्यापूर्वी हनफी मताप्रमाणे चालणाऱ्या न्यायालयांतून नवरा परागंदा झाला, पोसत नसला, मारहाण करीत असला, तरी बायकोची सुटका होणे जवळजवळ अशक्य होते. काही स्त्रिया तर सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या होत्या. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कडव्या हनफी आलिमांनी मालिकी मताचा आधार घ्यावा असा फतवा दिला आणि काझमी साहेबांनी कायदेमंडळात विधेयक आणले. त्या कायद्यात चार वर्षे बेपत्ता असलेला, दोन वर्षे न पोसणारा, क्रूरपणे वागणारा अशा नवऱ्यापासून फारकत मागण्याचा हक्क बायकोला मिळाला. बालपणी लावून दिलेला निकाह मुलीला अठरा वर्षांची होण्याआधी काही अटींवर नाकारता येतो, हेही त्यात आहे. नवऱ्याचे नपुंसकत्व हेही एक कारण त्यात नमूद आहे. म्हणजे पाळणा न हलण्याचा दोष बाईचाच असतो असे शरियतीने कधी मानले नाही आणि कायद्यानेही मानले नाही. आपल्या मोहल्ल्यात मात्र डॉक्टरकडे तपासणीला आधी सूनच नेली जाते, आणि पुष्कळदा फक्त सूनच.

किती मुले, केव्हा, याबद्दलही आपल्या फिकहमध्ये जी चर्चा आहे ती बहुतेकांना ऐकून माहीत नसते. इमाम गजाली 1111 साली वारले. त्यांच्या 'इह्या'मध्ये अज्ल, म्हणजे गर्भ राहू न देण्याचा तेव्हाचा उपाय, योग्य ठरविणारी जी कारणे दिली आहेत त्यांत बायकोचे रूप व प्रकृती टिकावी आणि बाळंतपणात तिच्या जिवाला धोका होऊ नये हेही कारण आहे. मुले फार झाल्याने होणारी ओढाताण टाळणे हेही आहे. मात्र मुलगी होईल या भीतीने तसे करणे त्यांनी दूषित मानले. अनेक फुकहांनी तर यासाठी बायकोची संमती हवी असे म्हटले. दूध पाजण्याबद्दल सूरह बकरामध्ये जो हुकूम आहे त्यात मुलामुळे आईला त्रास दिला जाऊ नये आणि दूध तोडायचे तर दोघांनी आपसांत सल्लामसलत करून तोडावे असे सांगितले आहे. नऊशे वर्षांपूर्वीचे हे विचार आहेत. मुंबईत र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हा त्यांची नोकरी धोक्यात आली, हे पाहिले म्हणजे अंतर कळते.

आता बंगाल.

रुकैया यांचा जन्म 1880 साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी जमीनदाराच्या घरी झाला. घरात पर्दा असा की, पाच वर्षांच्या मुलीनेही परक्या बाईपुढे जायचे नाही. अरबी आणि उर्दू चाले. बंगाली शिकणे हलके समजत आणि इंग्रजी तर मुलींना निषिद्धच. थोरली बहीण करीमुन्निसा बंगाली पुस्तक वाचताना सापडली म्हणून तिचे वाचन बंद झाले आणि लवकरच लग्न लावून देण्यात आले. थोरला भाऊ इब्राहीम साबेर कलकत्त्यास शिकत होता. तो रात्री घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात धाकट्या बहिणीला इंग्रजी शिकवी. आपल्या शाळेतल्या मुलांना माझे सांगणे आहे की, रुकैयांची गोष्ट ही या भावाचीही गोष्ट आहे. घरात एकाने ठरविले तरी पुरते.

सोळा-अठराच्या वयात त्यांचा निकाह भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. ते बिजवर, वयाने बरेच मोठे, विलायतेत शिकून आलेले. त्यांनी बायकोला शिकण्यास व लिहिण्यास उत्तेजन दिले. 1905 साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात रुकैयांची 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा छापली गेली. तीत एका देशात पुरुष मर्दान्यात कोंडलेले आहेत आणि बायका विज्ञानाच्या बळावर राज्य चालवीत आहेत. ही कथा त्यांनी नवरा दौऱ्यावर असताना वेळ घालविण्यासाठी लिहिली. त्याने परत आल्यावर उभ्या-उभ्याच ती वाचून काढली आणि खुशीत दाद दिली.

या घरातही पाळणा रिता राहिला. दोन मुली झाल्या. एक पाच महिन्यांची, दुसरी चार महिन्यांची होऊन गेली. सखावत साहेबांना मधुमेह, त्यात दृष्टी गेली. रुकैयांनी वर्षानुवर्षे त्यांची सेवा केली. मे 1909 मध्ये ते वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये वेगळे ठेवले होते.

एकोणतीस वर्षांची विधवा, पोटी मूल नाही, घरात सावत्र मुलगी आणि जावई. अशा बाईने काय करावे हे समाजाने ठरवून ठेवलेले होतेच : दुसरा निकाह, नाहीतर माहेरी कोपरा. रुकैयांनी पाच महिन्यांच्या आत भागलपुरात पाच मुली जमवून शाळा सुरू केली. घरातल्या मालमत्तेच्या तंट्यामुळे त्यांना भागलपूर सोडावे लागले. मार्च 1911 मध्ये कलकत्त्यास वलीउल्ला लेनमधील एका घरात आठ मुलींवर त्यांनी पुन्हा तीच शाळा उघडली. नाव नवऱ्याचेच ठेवले, सखावत मेमोरियल. मुख्याध्यापिकेला स्वतः कधी शाळेचे तोंड पाहण्यास मिळाले नव्हते! शाळा कशी चालते हे समजून घेण्यासाठी त्या इतर शाळांत जाऊन बसत.

पालकांना समजाविणे हेच त्यांचे अर्धे काम. त्या स्वतः बुरखा घेऊन घरोघर जात, गाडीचे भाडे लागणार नाही, पर्दा मोडणार नाही, अशी हमी देत. शाळेच्या गाडीची त्यांनीच लिहिलेली हकीकत प्रसिद्ध आहे. पहिली मोटार पर्द्यासाठी इतकी बंदिस्त करून घेतली की आत वारा जाईना. मुली घामाघूम झाल्या, काहींना ओकारी झाली, काही बेशुद्ध पडल्या. पालकांच्या तक्रारी आल्या. मग बंद झरोक्यांच्या जागी कापडी पडदे लावले. लगेच दुसरी पत्रे : पडदे वाऱ्याने उडतात, मुली दिसतात, हे थांबविले नाही तर वर्तमानपत्रांतून बदनामी करू. ज्यांनी संस्था चालविल्या आहेत त्यांना हे वाचून हसावे की रडावे कळणार नाही. आपल्या संस्थेच्या कार्यालयातही अशा दोन्ही प्रकारच्या पत्रांची फाईल असेल.

1916 मध्ये त्यांनी 'अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम' काढली. वस्तीतल्या गरीब बायकांना लिहिणे-वाचणे आणि हातकाम शिकविणे, विधवांना मदत, गरीब मुलींच्या लग्नाला हातभार, अशी तिची कामे होती. म्हणजे लग्नाला त्यांचा विरोध होता असे कोणी समजू नये. त्यांचे म्हणणे वेगळे होते. 1924 मध्ये त्यांची 'पद्मराग' ही बंगाली कादंबरी निघाली. तिची नायिका सिद्दिका हिचे लग्न मालमत्तेच्या लोभापायी मोडून टाकलेले असते. ती 'तारिणी भवन' नावाच्या संस्थेत येते. तेथे हिंदू, मुसलमान, ब्राह्मो, ख्रिस्ती अशा साऱ्या निराधार बायका शिकवितात, शिवतात, आजाऱ्यांची शुश्रूषा करतात. पुढे तोच नवरा भेटतो. तो भला माणूस निघतो, दोघांचे एकमेकांवर मनही असते. वाचकाला वाटते, आता सारे गोड होणार. सिद्दिका नकार देते. संसार हेच स्त्रीच्या जन्माचे एकमेव सार्थक नाही, हे तिला दाखवून द्यायचे असते. नवरा वाईट असता तर नकार सोपा होता. लेखिकेने त्याला मुद्दाम चांगला केला आहे.

अनेकांनी रुकैयांवर टीका केली. अशी टीका आपल्या गावांतल्या कितीतरी शिक्षिकांनी ऐकली आहे. लग्न न केलेली असेल तर एक बोल, केले आणि मूल नसेल तर दुसरा, मूल असून नोकरी करीत असेल तर तिसरा. तिन्ही बोल एकाच तोंडातून येतात. याच शिक्षिकांनी आपल्या मुलींना अलिफ-बे आणि बाराखडी शिकविली, हे बोलणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

ती शाळा पुढे हायस्कूल झाली आणि सरकारी शाळा म्हणून कलकत्त्यात टिकून राहिली. रुकैया 9 डिसेंबर 1932 रोजी पहाटे वारल्या. वय बावन्न. आदल्या रात्री उशिरापर्यंत त्या लिहीत बसल्या होत्या. टेबलावर कागददाबणीखाली त्यांचा अपुरा लेख सापडला. लेखाचे नाव होते 'नारीर अधिकार', म्हणजे स्त्रीचा हक्क. उत्तर बंगालमधील घरांत पुरुष तलाक किती सहज देतात याची हकीकत त्यात त्यांनी सुरू केली होती. ती तेवढ्यावरच थांबली आहे.